ध्वनिक्षेपकाचा मिक्सर : मांडणी, वापर आणि सुरक्षितता

ग्रामसभा असो, अखंड हरिनाम सप्ताह असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा आरोग्य शिबिराचे उद्घाटन असो. ध्वनिक्षेपकावाचून आज ग्रामीण भागातील कोणताही सार्वजनिक कार्यक्रम पार पडत नाही. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. आज आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात जांब समर्थ येथील रामनवमीचा उत्सव, राजूरच्या गणपतीची अंगारकी, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र आणि जालना शहरातील आनंदी स्वामींचा आषाढीचा उत्सव हे मोठ्या जनसमुदायाचे प्रसंग होत. त्यांच्या बरोबरीने गावोगावचे सप्ताह व सभा वर्षभर चालू असतात. एकेकाळी या सर्वांसाठी एक माईक, एक अँप्लिफायर आणि लिंबाच्या झाडाला बांधलेले दोन कर्णे एवढी सामग्री पुरत असे. आता बहुतेक ठिकाणी आठ, बारा किंवा सोळा माईक जोडता येतील असा मिक्सर आलेला आहे.

सामग्री वाढली, परंतु तिच्या वापराचे ज्ञान त्या प्रमाणात पोहोचलेले नाही, हे मान्य करावयास हवे. सभेत मागच्या रांगेतील माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही. मंडपात मधूनच कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजते. आणि माईकला हात लावताच झिणझिण्या येतात, याचे कोणालाच नवल वाटेनासे झाले आहे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर असल्याने तिचा विचार प्रथम करणे इष्ट होईल.

अर्थिंगची तार

मिक्सर, अँप्लिफायर आणि माईक ही सारी धातूच्या आवरणाची साधने एकमेकांना तारांनी जोडलेली असतात. त्यांपैकी एकाही साधनात बिघाड होऊन २३० व्होल्टचा प्रवाह त्याच्या आवरणात उतरला, तर तो माईकच्या तारेवरील जाळीतून थेट वक्त्याच्या हातापर्यंत पोहोचू शकतो. हे होऊ नये म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पीन अर्थिंगसाठी ठेवलेली असते. आवरणात उतरलेला प्रवाह या पिनेतून जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ओल्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. अशा वेळी २३० व्होल्टला शरीरातून सुमारे २३० मिलिअँपियर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडविण्यास याच्या निम्म्याहून कमी प्रवाहही पुरेसा असतो.

ही भीती काल्पनिक नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे, अर्थिंग नसलेल्या माईकला स्पर्श होऊन रंगमंचावरच मृत्युमुखी पडला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको येथे ३० ऑक्टोबर २००५ रोजी काइल लेक हे धर्मोपदेशक बाप्तिस्म्याच्या कुंडातील पाण्यात उभे असताना त्यांनी माईकसाठी हात पुढे केला आणि विजेचा धक्का बसून त्यांचे निधन झाले. पाण्यात उभा असलेला माणूस आणि हातात माईक, हा योग आपल्याकडेही दुर्मिळ नाही. अभिषेक, जलपूजन, पावसात चाललेली मिरवणूक, सडा टाकलेल्या ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून केलेले भाषण हे सर्व त्याच जातीचे प्रसंग होत.

मग अर्थिंग तोडले का जाते? याचे कारण ध्वनीच्या कामातच दडलेले आहे. मिक्सर मंडपाच्या एका टोकाला आणि अँप्लिफायर दुसऱ्या टोकाला असून दोघांना वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज मिळत असेल, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील सूक्ष्म फरकामुळे ध्वनीच्या तारेतून प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ अशी घरघर ऐकू येते. ती घालविण्याचा सोपा उपाय म्हणून कोणी तरी प्लगमधील हिरवी तार काढून टाकतो, तर कोणी अर्थिंगची पीनच तोडतो. घरघर खरोखरच थांबते. कार्यक्रम निर्विघ्न पार पडतो आणि ही युक्ती पुढच्या पिढीतील साउंडवाल्याला गुरुमंत्र म्हणून मिळते. ज्या दिवशी अँप्लिफायरमधील एखादी तार आवरणाला चिकटते, त्या दिवशी मात्र जमिनीकडे जाणारा एकच मार्ग उरलेला असतो, तो म्हणजे माईक धरून उभा असलेला माणूस.

घरघर घालविण्याचे योग्य उपाय अवघड नाहीत. ध्वनीची सर्व साधने एकाच फेजवरून आणि शक्यतो एकाच बोर्डावरून चालवावीत. मंडपात तीन फेजची जोडणी असेल, तर दिवे व पंखे दुसऱ्या फेजवर घ्यावेत. दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. म्हणून दोन निरनिराळ्या फेजांवरील साधने एका माणसाच्या दोन हातांत येऊ देणे धोक्याचेच असते. माईकची तार विजेच्या तारेला लागून समांतर नेऊ नये. तिला ओलांडावयाचे झाल्यास काटकोनात ओलांडावे. एवढे करूनही घरघर राहिली, तर ध्वनीच्या मार्गात विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर किंवा साउंडवाले ज्याला डीआय बॉक्स म्हणतात ते छोटे साधन घालावे. तोडावयाचाच तर ध्वनीच्या तारेतील जमिनीचा दुवा तोडावा, विजेच्या प्लगमधील कदापि नव्हे.

जालना जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. येथील काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते. ओल गेली की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोगही कमी होतो. मीठ व कोळसा घालून पुरलेला नळ पावसाळ्यात उत्तम काम देतो. परंतु रामनवमीच्या सुमारास तोच नळ नावापुरता उरलेला असतो. म्हणून उन्हाळी कार्यक्रमाच्या आदल्या सायंकाळी आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतावे. काम क्षुल्लक आहे, म्हणूनच ते राहून जाते.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे वायरमन ज्याला आरसीसीबी म्हणतात तो, ध्वनीच्या बोर्डावर बसविणे अत्यावश्यक समजावे. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात एवढा फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण प्रत्येक कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. सॉकेटमध्ये उघड्या तारा खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करणे, वाहिनीवर आकडा टाकणे, विजेच्या खांबाला कर्णा बांधणे या प्रथा पूर्णपणे थांबल्या पाहिजेत. मोठ्या उत्सवासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. आकड्यावर न्यूट्रल सुटली तर दाब ३०० व्होल्टच्या वर जाऊन सारी यंत्रणा जळू शकते. तेव्हा वाचविलेले वीजबिल शेवटी महागच पडते.

जनरेटर वापरताना त्याच्या सांगाड्यालाही अर्थिंग द्यावे. तो आधी सुरू करून स्थिर होऊ द्यावा आणि मगच ध्वनीची साधने त्यावर जोडावीत. धुरातील विषारी वायूमुळे तो बंद खोलीत किंवा मंडपाच्या कनातीला लागून ठेवू नये.

एवढी काळजी घेऊनही कोणाला धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. स्विच दूर असल्यास कोरड्या लाकडाने अथवा प्लॅस्टिकच्या वस्तूने तार दूर सारावी. श्वास व हालचाल बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुख्य स्विच कोठे आहे हे मंडपातील निदान तिघांना अगोदरच ठाऊक असावे.

मिक्सर म्हणजे काय

घरात मिक्सर म्हटले की चटणीचे यंत्र डोळ्यांपुढे येते आणि नावातील साम्य अगदीच निरर्थक नाही. निरनिराळ्या माईकांकडून व वाद्यांकडून येणारे क्षीण विद्युतसंदेश योग्य प्रमाणात वाढवून, त्यांतील नको तो भाग वगळून, त्यांचे एकत्र मिश्रण अँप्लिफायरकडे पाठविणे हे या यंत्राचे कार्य होय. पुष्कळ ग्रामपंचायत कार्यालयांत मिक्सर व अँप्लिफायर एकाच पेटीत असलेले यंत्र दिसते. त्याचे तत्त्वही हेच आहे. मात्र अशा काही यंत्रांतून कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाईन निघते, तिची टोके यंत्र चालू असताना उघडी ठेवू नयेत.

मिक्सरवरील डझनावारी खुंट्या पाहून नवशिक्या माणूस गोंधळतो. वास्तविक त्या एकाच उभ्या पट्टीची पुनरावृत्ती असते. एक पट्टी म्हणजे एक माईक. पट्टीच्या माथ्यावर माईकची तार जोडण्याची तीन पिनांची जागा असते. अशा तारेतून एकच संदेश परस्परविरुद्ध रूपात दोन तारांवरून जातो. वाटेत शिरलेला अनाहूत आवाज दोन्हींत सारखाच असल्याने शेवटी तो वजा होऊन जातो. त्यामुळे ही तार तीस-चाळीस मीटर नेली तरी बिघडत नाही. उलट वाद्यासाठी वापरली जाणारी साधी जॅकची तार पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये.

त्याखाली गेन, मग उंच-मध्यम-खालच्या स्वरांच्या खुंट्या, मग मंचावरील स्पीकरसाठीची ऑक्झिलरी आणि तळाशी वरखाली सरकणारा फेडर. यांतील गेन आणि फेडर यांचा भेद ज्याला उमगला, त्याला निम्मा मिक्सर समजला. दोन्हींनी आवाज वाढतो, म्हणून कोणती वापरली तरी चालते असा समज आहे. तो चुकीचा आहे. विहिरीवरील मोटार किती पाणी पाटात सोडते हे जसे प्रथम ठरते आणि दारे धरणारा नंतर कोणत्या सरीला किती द्यावयाचे ते पाहतो, तसेच हे आहे. गेन ही पाटात येणाऱ्या पाण्याची मात्रा, फेडर हे वाफ्याचे दार. पाटातच पाणी कमी असेल तर दार उघडूनही वाफा भिजत नाही, वर यंत्रातील खरखर तेवढी वाढते. पाट फुटून वाहू लागला तर दार लावून उपयोग नाही. आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज खाली कितीही कमी केला तरी फाटकाच राहतो.

म्हणून जुळणीचा क्रम ठरलेला असावा. सर्व फेडर खाली आणि सर्व गेन शून्यावर ठेवून प्रथम मिक्सर चालू करावा, त्यानंतर मधली साधने आणि सर्वांत शेवटी अँप्लिफायर. बंद करताना बरोबर उलट, अँप्लिफायर आधी. हा क्रम चुकला की मोठा ठोका बसून स्पीकरचा पडदा फाटण्याची भीती असते. नंतर एका व्यक्तीने प्रत्यक्ष जितक्या मोठ्याने बोलावयाचे तितक्याच मोठ्याने एकेका माईकवर बोलावे आणि दुसऱ्याने त्या पट्टीचे पीएफएल बटण दाबून, निर्देशकातील दिवे शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवावा. लाल दिवा लागता कामा नये. मग फेडर शून्याच्या खुणेपर्यंत वर न्यावा. ‘हॅलो, हॅलो’ असे पुटपुटून चाचणी घेतली आणि सभेत वक्ता गरजला, तर त्या चाचणीला काही अर्थ उरत नाही. माईकवर टिचक्या मारणे व फुंकर घालणे ही सवय तर आतील नाजूक पडद्याला अपायकारकच आहे.

बोलण्याच्या प्रत्येक माईकवर ८० किंवा १०० हर्ट्झखालचा आवाज कापणारे बटण दाबून ठेवावे. वारा, मंचावरील पावले आणि टेबलाचे ठोके त्यामुळे गळून जातात. शब्दाचा अर्थ ज्या व्यंजनांवर अवलंबून असतो, ती मुख्यत्वे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. सभामंडपात आवाज घुमत असेल तर फेडर वाढवू नये. खालचे स्वर कमी करावेत. सिमेंटच्या छताखाली मोठा आवाज म्हणजे मोठा प्रतिध्वनी, एवढेच साधते.

काही माईकांना मिक्सरकडून ४८ व्होल्टचा दाब लागतो. तो क्षीण असतो, धोकादायक नसतो. परंतु हे बटण चालू असताना माईक जोडू अथवा काढू नये, अन्यथा मोठा ठोका बसतो. आता टॅबलेटवरून चालणारे अंकीय मिक्सरही मिळतात. त्यांत जुळणी साठवून ठेवता येते ही सोय मोठी. पण गेन आणि अर्थिंग यांचे नियम तेथेही तेच आहेत. मोबाइलवरून राष्ट्रगीत किंवा प्रार्थना लावताना तो विमान अवस्थेत ठेवावा, हेही येथेच सांगितलेले बरे. ऐन श्रद्धांजलीच्या वेळी कर्ण्यातून वाजलेली संदेशाची घंटी अनेकांनी ऐकली असेल.

शिट्टी कशी थांबवावी

माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो आणि तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले की शिट्टी वाजते. तिचा उपाय बहुधा मिक्सरवर नसतो, मांडणीत असतो. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. माईक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर धरावा. अंतर निम्मे झाले की मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि तेवढा गेन कमी लागतो. माईकची जाळी मुठीत झाकू नये; त्यामुळे माईकची दिशा निवडण्याची शक्ती नाहीशी होते. ज्यावर कोणी बोलत नाही असा माईक बंद ठेवावा, कारण उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. मंचावर पाच माईक चालू ठेवून एकावर भाषण करण्याचा प्रघात यासाठीच सोडला पाहिजे.

कीर्तन आणि ग्रामसभा

मिक्सरची खरी परीक्षा कीर्तनात होते. मध्ये कीर्तनकार, मागे वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, एका अंगाला पखवाज आणि दुसरीकडे हार्मोनियम व गायक अशी वारकरी कीर्तनाची रचना असते. येथे प्रत्येक वाद्यापुढे माईक ठेवण्याचा मोह होतो. टाळांना तर माईकची मुळीच गरज नसते. वीस-तीस टाळांचा खणखणाट मंडपात आपोआप पोहोचतो आणि उरलेल्या सर्व माईकांतही घुसतो. म्हणून कीर्तनकाराच्या माईकवरील उंच स्वर थोडे कमी करावेत. पण इतके नव्हे की शब्दांची धार जाईल. पखवाजाच्या दोन पुड्यांचे स्वभाव भिन्न. धुमेला थोड्या अंतरावरून माईक द्यावा आणि त्याच्या पट्टीवर खालचा आवाज कापू नये, शाईच्या पुडीसाठी मात्र माईक जवळ लागतो. एकच माईक उपलब्ध असेल तर तो शाईकडे झुकता ठेवावा. धुमेचा घुमारा त्यात येतोच. हार्मोनियमचा माईक भात्याच्या बाजूला नसावा, भात्याची हवा त्यात फडफडते.

कीर्तनकार निरूपण करताना हळू बोलतात आणि अभंगाच्या चरणावर आवाज टिपेला नेतात. गेन त्या टिपेला जुळवावा, निरूपणाला नव्हे. निरूपणाच्या वेळी फेडर थोडा वर आणि गजराच्या वेळी थोडा खाली घ्यावा लागतो. म्हणजेच यंत्रापाशी बसणाऱ्याने कीर्तन ऐकले पाहिजे. मिक्सर लावून चहाला गेलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत फारसा फरक नाही. अंबड येथे दत्तजयंतीनिमित्त होणाऱ्या संगीत महोत्सवासारख्या शास्त्रीय गायनाच्या बैठकीत तर यंत्राचे अस्तित्व जाणवू न देणे हेच कौशल्य समजावे. तेथे फेडर जितका कमी हलेल तितके बरे. तानपुऱ्याचा आवाज मंचावरील स्पीकरमधून कलाकाराला ऐकू येणे आणि श्रोत्यांना तो पार्श्वभूमीला राहणे, हे ऑक्झिलरीच्या स्वतंत्र खुंटीने साधते.

ग्रामसभेचे गणित सोपे आहे, तरी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यावयाच्या असतात आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे शंभर-दोनशे माणसांची सभा, मारुतीच्या पारासमोर किंवा शाळेच्या पटांगणात. यासाठी किती शक्तीचा स्पीकर लागतो? चांगला स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ९५ ते ९८ डेसिबल आवाज देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो. दोन, चार, आठ, सोळा अशा चार दुपटींनंतर सोळा मीटरवर ७१ ते ७४ डेसिबल उरतात, आणि दोन माणसांचे समोरासमोरचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. थोडक्यात, ग्रामसभेला काही वॅट पुरतात. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी दहापट शक्ती लागते. हजारो वॅटचे खोके आणून उभे करण्याऐवजी, दोन लहान स्पीकर डोक्यापेक्षा थोडे उंच, किंचित खाली झुकवून श्रोत्यांच्या जवळ लावणे अधिक परिणामकारक होय.

मात्र ग्रामसभेला दुसरा माईक हवा, आणि तो मंचावर नको. सरपंच व ग्रामसेवक यांचे म्हणणे गावाला ऐकू जाते. गावाचे म्हणणे कोणाला ऐकू जात नाही, अशी एकतर्फी व्यवस्था एकाच माईकने होते. दुसरा माईक लांब तारेचा किंवा बिनतारी असावा आणि तो महिला बसतात त्या बाजूपर्यंत नेऊन देण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी. पाणीपुरवठ्याबद्दल बोलू इच्छिणारी बाई भर सभेत उठून मंचापर्यंत चालत येईल, ही अपेक्षा फारशी व्यवहार्य नाही. अशी वक्ती पहिल्या वाक्याला हळू बोलते. मिक्सरवरील माणसाने त्या पट्टीचा गेन आधीच जास्त जुळवून, फेडर हाताशी ठेवावा. तिच्या पहिल्या दोन वाक्यांनाच ‘आवाज येत नाही’ अशी ओरड झाली, तर तिसरे वाक्य ती बोलेलच याचा भरवसा नसतो. ठराव कोणत्या शब्दांत मांडला गेला हे सर्वांना कळले, तर इतिवृत्तावरून होणारे पुष्कळसे वादही टळतात.

कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. त्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याशी वेळीच संपर्क साधावा. रात्री १० ते सकाळी ६ या काळात बंदिस्त सभागृहाखेरीज अन्यत्र ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. परंतु ते दिवस शासनाने जाहीर केलेले असावे लागतात, समितीने ठरविलेले नव्हेत. सप्ताहातील काकडा पहाटे ६ च्या आत होत असल्याने तो ध्वनिक्षेपकाविना म्हणावा. शतकानुशतके तो तसाच म्हटला गेला आहे. रात्रीच्या कीर्तनाची वेळही १० पूर्वी संपेल अशी पत्रिकेतच छापावी.

निवासी भागासाठी आवाजाचे मानक दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. ध्वनिक्षेपक असलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी कमी असलेली मर्यादा पाळावी लागते. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा ६५. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिलेले आहेत.

कायद्याची मर्यादा शेजाऱ्यासाठी. मंडपातील कानांचा हिशेब वेगळा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसता येतो असे मानले जाते आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्म्यावर येतो. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली आहे. मिरवणुकीत खोक्याला कान लावून नाचणारी मुले या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. स्पीकरपुढे काही मीटर जागा दोरी लावून मोकळी ठेवणे आणि यंत्रावर काम करणाऱ्याने कानात बोळे घालणे, एवढे तरी आयोजकांनी पाहावे.

भाड्याने घेताना

बहुतेक ग्रामपंचायती व शाळा मोठ्या कार्यक्रमासाठी यंत्रणा भाड्याने घेतात. दरपत्रक मागविताना केवळ वॅट आणि खोक्यांची संख्या विचारली जाते. त्याऐवजी काही अटी लेखी नमूद कराव्यात : सर्व प्लग तीन पिनांचे व अखंड असतील, ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच असेल, कार्यक्रम संपेपर्यंत एक जाणकार व्यक्ती मिक्सरपाशी हजर राहील आणि कार्यक्रमापूर्वी एक तास चाचणी दिली जाईल. मंडप उभा राहिल्यावर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. बिघाड शोधण्यासाठी माईकला टेस्टर लावून पाहण्यावर विसंबू नये. टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग आहे, असे सिद्ध होत नाही.

शाळेची किंवा पंचायतीची स्वतःची यंत्रणा असल्यास तिच्या निगेसाठी एका व्यक्तीची नेमणूक असावी. जालन्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अँप्लिफायर उन्हात ठेवू नये आणि त्याच्या जाळीवर सतरंजी टाकू नये. काम संपल्यावर तारा कोपर व अंगठ्याभोवती आवळून न गुंडाळता सैल वेटोळ्यांत ठेवाव्यात, कारण आतली तार तुटण्याची सुरुवात तेथेच होते. मिक्सरवर धुळीसाठी कापडी आच्छादन घालावे, बिनतारी माईकमधील सेल काढून ठेवावेत आणि कोणता माईक खरखरतो, कोणता प्लग सैल आहे, याची नोंद पेटीतच ठेवलेल्या वहीत त्याच रात्री करावी. पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ती वही उघडली की दुरुस्तीला एक दिवस मिळतो.